खुंटीच्या नावावर

अनुया लघाटे वामनरावांच्या घरी, वरच्या मजल्यावर, एक वर्ष दहा महिने राहिली. एवढ्या काळात माणूस शेजारच्या मांजराविषयीसुद्धा पानभर सांगू शकतो. पण वामनरावांना कुणी अनुयाविषयी विचारलं की ते आधी घसा खाकरतात आणि म्हणतात, "तशी फार ओळख नव्हती." यात विनय नाही, ते खरंच आहे. तिचं लग्न झालं होतं, मोडलं होतं की झालंच नव्हतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ती देव मानायची का, रागावली की काय करायची, झाशी सोडून कुठे जावंसं तिला वाटायचं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. वामनराव मुळात लाजरे. रेल्वेच्या कारखान्यात अडतीस वर्षं नोकरी झाली ती मालगाडीच्या वाघिणींच्या एक्सलांशी. माणसांशी बोलायची वेळ कमीच आली.

तिच्याविषयी त्यांना खात्रीनं माहीत होतं ते एवढंच, की ती एक्स-रे काढायची, आणि कसा काढायची.

ती आली २०२०च्या जूनमध्ये, करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात. लघाट्यांचं घर शहरात, जुन्या वस्तीत. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्यांचा कुणी पूर्वज कारकुनीसाठी इकडे आला आणि इथलाच झाला. घरात तिची आई अनुसूयाबाई, साखरेचा आणि हृदयाचा त्रास असलेली. दवाखान्यातून रोज त्या घरात परत जाणं अनुयाला धोक्याचं वाटत होतं, म्हणून ती दोन महिन्यांपुरती खोली शोधत सीपरी बाजारच्या बाजूला आली होती.

"दवाखान्यातली बाई, या दिवसांत?" शशिकलाबाई नवऱ्याला आत बोलावून म्हणाल्या. "आधी नीट विचार करा."

"केला."

"कधी?"

"आत्ता, तू बोलत होतीस तेव्हा."

वामनरावांचे वडील भुसावळहून फिटर म्हणून इकडे आलेले, त्यामुळे घर मराठी. अनुयाचंही घर मराठी. पण दोन मराठी दोन तऱ्हांच्या. तिच्या बोलण्यात निम्मं हिंदी असायचं आणि मध्येच एखादा असा शब्द यायचा की वामनरावांना आपली आजी आठवायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काकाजी, जिन्याखाली एखादं तस्त ठेवता का? आले की कपडे सीधे त्यातच टाकीन. बाकी काही टेन्शन घेऊ नका." तस्त हा शब्द वामनरावांनी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी माळ्यावरून जुनी पितळी परात काढली, घासली आणि जिन्याखाली ठेवली.

नियम तिनंच घातला होता. संध्याकाळी आली की मागच्या न्हाणीत आंघोळ, मग स्वतःच्या कपात चहा घेऊन जिन्याच्या सातव्या पायरीवर बसणं. त्या पायरीच्या खाली ती यायची नाही. वामनराव खाली दाराशी खुर्ची टाकून बसायचे. शशिकलाबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि मधूनमधून बोलायच्या.

वामनरावांना कुतूहल फार. ते लाजरे होते ते माणसांच्या बाबतीत. यंत्रांच्या बाबतीत त्यांना कसलाच संकोच नव्हता. कारखान्यात त्यांचं काम होतं एक्सल तपासण्याचं. लोखंडाच्या टोकाला तेल लावायचं, यंत्राची डबी टेकवायची आणि पडद्यावर उठणारी रेघ बघायची. पोलादात कुठे बारीक तडा असेल तर रेघ मध्येच उचलते. वरून चकचकीत दिसणाऱ्या वस्तूच्या पोटात काय आहे, हे न फोडता सांगायचं, यातच त्यांचा जन्म गेला. आता वरच्या मजल्यावर माणसांच्या पोटात बघणारी बाई येऊन राहिली होती. ते विचारल्याशिवाय कसे राहणार?

"तुमच्या एक्सलला श्वास धरायला सांगावं लागायचं का?" एकदा तिनं उलट विचारलं.

"नाही."

"बस. तिथंच सगळा फरक आहे."

मग तिनं समजावलं. छातीचा फोटो चांगला यायचा तर माणसानं प्लेटला छाती लावून उभं राहायचं, पूर्ण श्वास घ्यायचा आणि धरायचा. करोनाचे लोक उभे राहू शकत नव्हते आणि श्वास तर आधीच त्यांच्या हातात नव्हता. त्यांना एक्स-रेच्या खोलीत आणता येत नव्हतं, म्हणून मशीनच चाकांवर वॉर्डात न्यावं लागायचं. त्या मशीनला त्यांच्या विभागात सगळे म्हैस म्हणत. "म्हैस कुठेय? म्हैस तिसऱ्या वॉर्डात अडकली," असं चालायचं. प्लेटला दोन प्लास्टिकच्या पिशव्या घालायच्या. फोटो झाला की वरची पिशवी तिथंच फेकायची आणि आतली नीट काढायची. त्यासाठी दोन माणसं लागायची, एकाचे हात स्वच्छ, एकाचे खराब. स्वच्छ हाताचा मशीनला हात लावणार आणि बटण दाबणार, खराब हाताचा रोग्याला हात लावणार. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही.

"पीपीई किट घालून उभी राहिले ना काकाजी, की आमच्या आजीचं सोवळं आठवतं. शिवायचं नाही, खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. पण आजी निदान नाक खाजवू शकत होती."

"आणि किरण अडवणारा तो शिशाचा एप्रन?"

"तो किटच्या आत. पाच किलो. झाशीचा जून आणि वॉर्डात पंखा बंद, हवा फिरू नये म्हणून."

स्वयंपाकघरातून शशिकलाबाई म्हणाल्या, "उद्यापासून दोन तांबे ताक पिऊन जा."

"ताक प्यायले तर किटमध्ये जाऊ कुठे, काकू?"



दोन महिन्यांचं वर्ष झालं. २०२१च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि सातव्या पायरीवरचा चहा बंद पडला. ती यायची तेव्हा काळोख झालेला असायचा. कपडे परातीत पडल्याचा आवाज, मग पाण्याचा, मग काहीच नाही. एकदा मात्र ती दिवसाउजेडी आली, हातात एक मोठं पाकीट घेऊन. सातव्या पायरीवर बसली, पाकिटातून फिल्म काढली आणि दाराच्या उजेडाकडे धरली.

"बघा काकाजी, ही मी."

वामनराव खालून मान उंच करून बघत राहिले. बरगड्या, हृदयाची सावली, दोन काळ्या फुप्फुसांच्या तळाशी कापसाचे पुंजके असावेत तसे पांढरे डाग. नंतर त्यांना या गोष्टीचं कधीकधी हसू यायचं, की ज्या बाईचं आडनावापलीकडे काही विचारायचं धाडस झालं नाही, तिच्या बरगड्या आपण मोजल्या होत्या.

"कुणी काढला?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या पाळीच्या टेक्निशियननं. आणि मला धरून बसले आमचे सुभाषचंद्रजी."

सुभाषचंद्र हे नाव त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती सतरा दिवस वर पडून होती. शशिकलाबाई सहाव्या पायरीवर ताट ठेवायच्या, ती सातवीपर्यंत येऊन उचलायची आणि बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली सांगायची. वामनराव तो ऐकून परत जायचे. आकडा सुधारला. अठराव्या दिवशी ती पुन्हा कामावर गेली.

पत्र आलं ते ऑक्टोबरमध्ये. तोपर्यंत सगळ्यांच्या लशी झाल्या होत्या आणि सातव्या पायरीचा नियम आपोआप सुटला होता. रविवारी सकाळी ती खाली येऊन बैठकीच्या खोलीत बसली, मांडीवर कागद.

"काकाजी, फुरसत आहे?"

"मला फुरसतीशिवाय काय आहे."

"एका फॉर्मचं उत्तर लिहायचंय, चांगल्या इंग्लिशमध्ये. तुम्ही कारखान्यात रिपोर्ट लिहायचात ना?"

वामनरावांनी चष्मा लावला. एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला एक बॅज मिळतो, हे त्यांना तिनं पूर्वीच सांगितलं होतं. काड्यापेटीएवढा असतो, अंगावर किरण किती पडले ते तो साठवतो. दर तीन महिन्यांनी तो दूरच्या प्रयोगशाळेत जातो, तिथं आकडा वाचतात आणि तो आकडा त्या माणसाच्या नावावर जन्मभर राहतो. अनुयाचा एप्रिल ते जूनचा आकडा मर्यादेच्या वर निघाला होता. असं का झालं, हे प्रयोगशाळेनं विचारलं होतं. उत्तर पटेपर्यंत तिला किरणांच्या कामावर ठेवू नये, असंही खाली लिहिलं होतं. तिची नोकरी कंत्राटी. मार्चमध्ये कंत्राट नवं व्हायचं. एक्स-रेच्या खोलीबाहेर बसलेल्या टेक्निशियनचं कंत्राट कोण नवं करणार?

"मग काय लिहायचं?"

"आमच्या विभागाच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय. लिहायचं की बॅज चुकून एक्स-रेच्या खोलीत एप्रनबरोबर खुंटीला लटकत राहिला, तिथं दिवसभर मशीन चालू होतं. असं खूप जणांचं होतं. ते आकडा रद्द करतात, थोडी समज देतात, बात खतम."

वामनरावांनी फॉर्म वरपासून वाचायला घेतला. त्यांची तशी सवयच होती. कामाचं स्वरूप, तास, अंतर. नवव्या रकान्यात विचारलं होतं की या काळात हा बॅज दुसऱ्या कुणी वापरला का. बाकी सगळीकडे तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. इथं काहीच नव्हतं.

"हा रकाना?"

"तो राहू द्या."

"रिकामा?"

"रिकामाच."

"आमच्याकडे रकाना रिकामा असला तर एक्सल परत यायचा."

"काकाजी, हा एक्सल नाही."

वामनरावांनी पेन उचललं नाही. आतून शशिकलाबाई म्हणाल्या, "सांगून टाक ग बाई. नाहीतर ते आठ दिवस घरात फेऱ्या घालतील."

अनुया हसली, मग हसणं थांबवून सांगू लागली.

वॉर्डातला रोगी अंथरुणात बसता झाला नाही तर त्याच्या पाठीमागे प्लेट राहत नाही, माणूस कलंडतो. एरवी नातेवाइकाला एप्रन देऊन धरायला उभं करतात. करोनात नातेवाईक फाटकाबाहेर. मग धरणार कोण? रोज, प्रत्येकाला, सुभाषचंद्र धरायचा. तो टेक्निशियन नव्हता. पूर्वी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचा. यंत्रं बदलली, अंधारी खोली गेली, तेव्हापासून फायली पोचवायचा आणि स्ट्रेचर ढकलायचा. त्याला बॅज नव्हता, कारण कागदोपत्री तो किरणांजवळ जातच नव्हता. विभागात धड एप्रन दोनच. बाकीचे कुणीतरी घड्या घालून ठेवलेले, घडीवर शिसं तडकतं. जो जवळ उभा राहतो त्याला चांगला एप्रन, म्हणून अनुयानं स्वतःचा त्याला दिला. बॅज एप्रनच्या आत छातीवर लावायचा असतो. पण किट उतरवताना तो पडायचा, म्हणून तिनं तो आधीपासून एप्रनवरच बाहेरून चिमटवला होता. एप्रनबरोबर तोही गेला.

"तुझ्या लक्षात आलं नाही?"

"आलं ना. दुसऱ्याच आठवड्यात आलं. म्हटलं उद्या काढते. उद्या तीस जण, परवा चाळीस. मग मीच आजारी. परत आले तर हात लटपटायचे. ते म्हणाले, मॅडम, एप्रन मेरे पास रहने दो." ती कागदाची कड दुमडत राहिली. "आकडा एप्रनच्या बाहेरचा आहे, म्हणून मोठा दिसतो. आत तेवढं गेलं नसणार. इतक्यानं कुणी मरत नाही, काकाजी. पण पडलाय तो त्यांच्या अंगावर. मी खुंटी लिहिलं तर तो खुंटीच्या अंगावर पडला. म्हणजे कुणाच्याच नाही. पुढच्या वेळी पण त्यांनाच उभं करतील, मोजायला काही नाहीच म्हणून."

"मग खरं लिही."

"खरं लिहिलं तर माझी चूक, डॉक्टरसाहेबांना त्रास आणि सुभाषचंद्रजींवर चौकशी, की तू तिथं होतास कसा. त्यांना रिटायर व्हायला सवा वर्ष आहे. तेच म्हणतात, खूँटी लिख दो." मग ती म्हणाली, "तुम्ही चला ना माझ्याबरोबर. वडीलधाऱ्या माणसापुढे ते धड बोलतील."

वामनरावांना अशा ठिकाणी जायचं म्हणजे घाम फुटायचा. ते गेले.

इलाइट चौराह्याच्या मागच्या गल्लीत चहाचं एक दुकान होतं, तिथं सुभाषचंद्र आला. उंच, रुंद खांद्यांचा, मिशीला काळा रंग. वामनरावांना नमस्कार करून तो बाकावर बसला आणि विषय निघायच्या आतच म्हणाला, "बाबूजी, मैडम को समझाइए. खूँटी लिख दें. खूँटी की कौन सी पेंशन रुकेगी?"

"और आपकी गिनती?" अनुया म्हणाली.

"हमें का होने. तीस साल फिल्म धोने का मसाला सूँघा है हमने. कुछ हुआ? मूँछ तक नहीं गिरी."

"रंग तो उड़ गया."

"वो तो ब्याह से उड़ा."

चहावाला हसला. अनुया वामनरावांकडे वळून मराठीत म्हणाली, "बोला ना काकाजी काहीतरी."

समजावणं वामनरावांना जमत नव्हतं. कारखान्यातही त्यांनी कुणाला समजावलं नव्हतं, फक्त तडा कुठे आहे ते सांगितलं होतं. त्यांच्या मनात तेव्हा खरोखर होता तोच प्रश्न तोंडातून बाहेर आला.

"एक बात पूछूँ? आप पकड़ते कैसे थे?"

सुभाषचंद्रनं त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता, हे दिसत होतं. तो उठला आणि वामनरावांच्या बाजूला येऊन बसला. "बताएँ? ढीले हो जाइए. और ढीले. आप बीमार हैं." त्यानं आपला खांदा वामनरावांच्या काखेखाली सरकवला, एक हात पाठीमागे सपाट धरला, जणू तिथं प्लेट आहे, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांच्या हनुवटीखाली लावली. वामनराव बाकावर तरंगल्यासारखे सरळ झाले. त्या हातात जोर होता, पण दाब नव्हता. "ठोड़ी ऊपर, नहीं तो फोटो में गला आ जाता है. फिर हम कान में कहते थे, बाबा, हमारे साथ साँस लो. हम लेते थे जोर से, वो जितनी ले पाएँ. तब मैडम बटन दबाती थीं. सुनाई तो किसी को कुछ पड़ता नहीं था उस किट में, इसलिए हम अपनी छाती लगा के रखते थे. छाती से पता चल जाता है."

"हे मला माहीत नव्हतं," अनुया हळूच म्हणाली. दोन मीटरवरून तिला फक्त दोन माणसं एकमेकांना टेकलेली दिसायची.

"कितने लोगों को पकड़ा होगा?" वामनरावांनी विचारलं. ते अजून त्याच्या हातातच होते.

"गिने थोड़ी थे." त्यानं हात सोडले आणि चहाचा ग्लास उचलला. "बबीना छावनी के एक सूबेदार साहब थे. इतने भारी, और माफी माँगें हर बार, कि भैया हम भारी हैं. हमने कही, साहब, देश का वजन है. हँसे, तो खाँसी आ गई, फोटो दुबारा लेना पड़ा. एक लड़का था, मास्टरी करता था, वो कहे हमें पकड़ो मत, हम खुद बैठेंगे. और बैठा भी. दो दिन. एक मोठ कस्बे की अम्मा थीं. उन्होंने हमारा अँगूठा पकड़ लिया. फोटो हो गया, मशीन चली गई, मैडम चली गईं, अम्मा अँगूठा न छोड़ें. हम वहीं बैठे रहे."

चहावर साय धरली होती. गल्लीतून एक ई-रिक्षा गेली, तिच्याकडे तो बघत राहिला.

"तो मैडम," तो म्हणाला, "ये सब खूँटी ने किया?"

"कागज पे तो वही आएगा."

"खूँटी तो अपनी जगह से हिली भी नहीं."

त्यानं थंड चहा एका घोटात संपवला, ग्लास बाकाखाली ठेवला. "लिख दो. हमारा नाम लिख दो. जाँच आएगी तो हम पूछेंगे उनसे, कि बताओ तुम किसे खड़ा करते."

"पक्का?"

"हओ, पक्का. और ये भी लिखना कि एक भी फोटो हिला नहीं."

"एक हिला था, सूबेदार साहब का."

"वो देश के खाते में."

वामनरावांनी उत्तराचा मसुदा चार वेळा लिहिला. पहिल्यांदा फार लांब झाला, दुसऱ्यांदा फार नम्र. चौथ्यात त्यांनी अनुयाची स्वतःची चूक आधी मांडली, बॅज एप्रनच्या बाहेर लावल्याची, दिसूनही न काढल्याची. मग सुभाषचंद्रचं नाव, काम आणि तारखा. नवव्या रकान्यात होय. तिनं ते उभ्यानंच वाचलं, दोन ठिकाणी बोट ठेवलं, काही न बदलता सही केली. डॉक्टरसाहेबांनी तो कागद पुढे पाठवला, पण तिच्याशी त्या आठवड्यात बोलले नाहीत. ते वाईट नव्हते, असं ती म्हणायची. त्यांना तिला यातून वाचवायचं होतं, आणि तिनं ते करू दिलं नव्हतं.

तिला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. नाव, वय, गाव, कुठल्या अंगाचा फोटो. आता ती रोज ठरल्या वेळी घरी यायची आणि चहाला खाली बसायची. वामनरावांनी विचारलं, खिडकीवर कसं असतं.

"इथं लोक मला तोंडं दाखवतात, काकाजी. मला तोंडं ओळखू येत नाहीत. परवा एक बाई म्हणाली, तुम्हीच माझा फोटो काढला होतात. मी म्हटलं, असेल. फिल्म दाखवली असती तर लगेच ओळखलं असतं."

फेब्रुवारीत उत्तर आलं. आकडा तिच्या नावावरून काढला होता. सुभाषचंद्रची रक्ततपासणी झाली, ती ठीक निघाली. त्याच्या नावाची नोंद उघडली आणि त्या तीन महिन्यांचा आकडा त्यात गेला. रोग्याला धरणाऱ्या प्रत्येकाला बॅज द्यावा आणि एकाच माणसाला रोज धरायला लावू नये, असंही कळवलं होतं. चौकशी त्याच्यावर आलीच नाही. त्याला बॅज मिळाला. तो म्हणे शर्टावर बाहेर लावून फिरायचा आणि आत लाव म्हटलं की म्हणायचा, मग लोकांना दिसेल कसा.

अनुया पुन्हा एक्स-रेच्या खोलीत गेली, सहा आठवड्यांपुरती. मार्चअखेर कंत्राटांची नवी यादी लागली. त्यात बाकी सगळ्यांची नावं होती. तिचं नव्हतं. कारण लिहिलेलं नव्हतं आणि विचारल्यावर कुणी सांगितलंही नाही.

त्या दिवशी संध्याकाळी वामनराव बराच वेळ अंगणात उभे होते. आत येऊन बायकोला म्हणाले, "मी तो रकाना विचारला नसता तर?"

"तुम्ही विचारलंत. उत्तर तिनं दिलं."

"पण मी विचारलं."

"मग जाऊन सांगा तिला तसं."

ते वर गेले नाहीत. तिला मोठ गावात, कानपूर रस्त्यावर, नव्यानं उघडलेल्या एका एक्स-रे केंद्रात काम मिळालं, आणि एप्रिलमध्ये तिनं खोली सोडली. सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. शशिकलाबाईंनी लोणच्याची बरणी दिली. वामनराव टेम्पोवाल्याला दोरी कशी बांधायची ते सांगत राहिले आणि तेवढ्यात निरोप घेऊन झाला.

त्यानंतर ती एकदाच भेटली. ऑगस्टमध्ये इलाइट चौराह्यावर, औषधांच्या दुकानाबाहेर. आईला भेटून परत निघाली होती, खांद्यावर पिशवी, बसची वाट बघत. वामनरावांनी चार महिने एक वाक्य मनात तयार करून ठेवलं होतं. त्या प्रश्नामुळे तुझं नुकसान झालं का, आणि झालं असेल तर तू माझ्यावर नाराज आहेस का. घरात फेऱ्या घालताना ते वाक्य अगदी सोपं वाटायचं.

"काकाजी, इकडे कुठे?"

"काकूंचा गुडघा. गोळ्या घ्यायला आलो."

"उजवा?"

"उजवा. डॉक्टर म्हणतात फोटो काढून आणा."

"काढा ना मग. पण उभं करून काढायला सांगा. झोपवून काढला तर काही कळत नाही. वजन पडलं पाहिजे."

"बरं." ते थांबले. "तिकडे ठीक आहे ना तुझं?"

"ठीक आहे. मशीन नवं आहे. गर्दी बाजारच्या दिवशी फक्त."

बस आली. कंडक्टर दारात लटकून मोठ, मोठ ओरडत होता. ती पायरीवर चढली आणि वळून त्यांच्याकडे बघू लागली, कारण त्यांनी तिला हाक मारली होती.

"अनुया."

"हां, काकाजी?"

"उभं राहूनच ना?"

"हो, उभं राहून. आणि दोन्ही गुडघे एकदम घ्यायला सांगा."

"सांगतो."